भिंतीवरचं घुमट

भिंतीवरून पप्पांचं घुमट गायब झालं, तेव्हा माझा संशय सरळ भाच्याच्या रॉक बँडवर गेला.

जाणार नाही तर काय? पोरं येशूची गाणी गातात, पण ऐकताना वाटतं, कुणाशी तरी कडाकडा भांडतायत. ऑगस्टच्या घामात त्यांचा नाताळचा अल्बम चालला होता. त्यात गावठाणातलं काहीतरी हवं, म्हणून भाच्याने घुमट मागितलं होतं. मी साफ नाही म्हटलं. मातीचं मडकं, त्यावर ताणलेलं कातडं, एकदा पडलं की संपलं. पप्पांनी आमच्या अंधेरीच्या गावठाणातली सगळी लग्नं त्यावर वाजवली. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि दुखवट्याच्या घरात वर्षभर गाणं-बजावणं नाही, ही आमची रीत.

आईला विचारलं, तर म्हणाली, असेल कुठेतरी. चमचा हरवला तरी घर डोक्यावर घेणारी बाई! त्यात रोज दुपारी काळा ड्रेस घालून, क्रुसाकडे रोझरीला जाते म्हणून निघायची, आणि जपाची माळ तर उशाशीच पडलेली. मला वाटलं, पोरांनी म्हातारीला गोड बोलून गुंडाळलं.

एका दुपारी मी तणतणत साकीनाक्याला गेले. तिथल्या एका गाळ्यात पोरांनी स्टुडिओ थाटला होता. आज एकेकाची पिसं काढते म्हणत जिना चढले आणि दाराशीच थबकले. आत पप्पा वाजवत होते.

त्यांचाच हात. कारखान्यात त्यांचं एक बोट गेलं होतं, त्यामुळे ठेक्यात एक जागा कायम रिकामी जायची. तीच जागा तशीच रिकामी गेली. दार ढकललं, तर प्लास्टिकच्या खुर्चीत आई, मांडीवर घुमट. तिला वाजवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

भाचा तिला समजावत होता की एक ठोका सुटतोय, तो कंप्युटरवर भरून घेऊ.

"भरू नको रे," आई म्हणाली. "भरलास तर वाजवणारा दुसराच कोणीतरी होईल."

मग तिला मी दिसले. आधी चपापली, मग माझ्यावरच डाफरली, "घरात वाजवायचं नाही ना? हे काय घर आहे?"

आता बोला! भाच्याला मी दम भरला की त्या जागेला हात लावलास तर याद राख. तो मान डोलावत राहिला. माझा काही विश्वास बसला नाही. ही पोरं कंप्युटरपुढे बसली की काय करतील नेम नाही.

नाताळातही दुखवट्याचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून आमच्या दारावर तारा नव्हता, गोडाधोडाचं शेजाऱ्यांकडून आलं. अल्बम घरात लावायची सोय नव्हती. समोरच्यांनी लावला, तेव्हा आम्ही दोघी खिडकीशी जाऊन उभ्या राहिलो. गिटारींच्या दणक्याखालून घुमट सुरू झालं. मी आईचा हात घट्ट धरला. ती जागा आली, आणि रिकामी गेली.

"आले बघ," आई म्हणाली.