एक सायकलभर मागे

आमच्या शेजारच्या नेव्हिल ड्रमंडनी जन्मभर ख्राइस्टचर्चमध्ये सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर टपालाची पिशवी सुटली, सायकल सुटली नाही. मग त्यांनी आमच्या गल्लीतली मुलं शाळेत पोचवायला घेतली. रोज सकाळी पुढे ते आणि मागे पोरांची रांग.

मोठ्या रस्त्यावर सिमेंटच्या कठड्याआड सायकलींची वेगळी वाट झाली, चौकात सायकलचं चित्र असलेला वेगळा दिवा लागला आणि माझ्या जिवाला घोर लागला. गाड्यांचा दिवा हिरवा असतो, त्याच्याच शेजारी सायकलचा लाल. मोठी माणसंसुद्धा हिरवं दिसलं की निघतात, आणि नेमक्या तेव्हाच डावीकडे वळणाऱ्या गाड्या ती वाट ओलांडत असतात.

मी नेव्हिलना फाटकाशी गाठून विचारायची, "मुलं थांबतात ना नीट?"

"मोइराबाई, कुत्र्यांनी माझ्या पोटऱ्या फाडल्या, पण मी लाल दिवा कधी तोडला नाही. जा, चहा प्या."

त्यांचे नियम पोरांना पाठ होते. गाड्यांच्या दिव्याकडे बघायचं नाही. पायी चालणाऱ्यांच्या दिव्याकडेही नाही. आणि थांबायचं ते माझ्या एक सायकलभर मागे.

या हिवाळ्यात नेव्हिलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात माझी लेक आयल्सा नेटबॉलच्या सरावाहून पहिल्यांदाच एकटी येणार होती. "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" असं म्हणून गेली. अंधार पडू लागला तरी पत्ता नाही. तिच्याजवळ फोन नव्हता. मी खिडकीशी गेले, फाटकाशी गेले, परत आले. लांब कुठेतरी रुग्णवाहिका ओरडली, तशी शेगडी बंद करून धावत सुटले.

ती चौकात उभी होती. धडधाकट. नाक लाल, हँडलवरची बोटं गारठलेली.

"आई, दिवा हिरवा होतच नाहीये गं! एक माणूस मागून आला नि म्हणाला, 'चल की, गाड्यांना हिरवा आहे!' तो गेला आणि एका गाडीनं कचकन ब्रेक मारला." ती रडकुंडीला आली. "मीपण पाय उचलला होता."

"अगं, मग उतरून पायी चालणाऱ्यांबरोबर यायचं!"

"नेव्ह म्हणतात, त्यांच्या दिव्याकडे बघायचं नाही."

मी तणतणत नेव्हिलना फोन लावला. माझं ऐकून ते म्हणाले, "तिला द्या." आयल्सानं फोन कानाला लावला, त्यांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कुठे उभी आहेस, राणीसाहेब?"

"तुम्ही सांगितलंय तिथेच. एक सायकलभर मागे."

"कोणाच्या मागे?"

आयल्सानं पुढे पाहिलं. पुढे कोणीच नव्हतं.

नेव्हिल हळूच म्हणाले, "पुढे जमिनीवर पत्त्यातल्या चौकटीसारखी पांढरी खूण आहे बघ. तिच्यावर चाक ठेव. सायकल आली हे दिव्याला तिथूनच कळतं. ती जागा रोज मी अडवायचो. तुम्हाला सांगायचं राहिलंच गं."

तिनं सायकल पुढे ढकलली. गाड्यांची एक पाळी गेली. मग वळणाऱ्या गाड्या थांबल्या आणि दिव्यातली सायकल हिरवी झाली.

घरी आल्यावर मी सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली.

शनिवारी नेव्हिल वॉकर धरून त्यांच्या अंगणात उभे. फरशीवर खडूनं काढलेली चौकट आणि पोरांची रांग. एकेकानं पुढे येऊन चौकटीवर चाक ठेवायचं.

"पण नेव्ह, दिवा कुठाय?"

"मी आहे ना! आणि सध्या मी लाल आहे. मागे हो!"

आयल्सा सायकलीशिवाय उभी होती. नेव्हिलनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला चहा प्या म्हणाले नाहीत. "चूक माझी होती, मोइरा. पोरगी थांबली होती."

मी किल्ली काढून आयल्साला दिली.

सोमवारी रांगेच्या पुढे आयल्सा होती. मी फाटकापर्यंत गेले. फाटक घट्ट धरून ठेवलं, पण त्याच्या पुढे गेले नाही.