मदतनिधीचा बोर्ड

सेवा क्लबच्या प्रत्येक कार्यक्रमाचा बोर्ड पेंटरच रंगवायचा आणि उशीर झाला म्हणून शिव्याही तोच खायचा. गेल्या रविवारी क्लबच्या आरोग्य शिबिराचा बोर्ड टांगायला गेला, तेव्हा आयतीच सोय म्हणून त्यानं स्वतःची छातीही तपासून घेतली. डॉक्टर क्लबचेच. रिपोर्ट अजून यायचा होता.

आज अध्यक्ष स्वतः दुकानात आले. "मदतनिधीसाठी गाण्यांचा कार्यक्रम ठेवलाय, दादा. बोर्ड हवाय."

जन्मभर 'ए पेंटर' म्हणणारा माणूस 'दादा' म्हणाला, तसा पेंटरनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"कुणाच्या कुटुंबासाठी म्हणून लिहू?"

"नावाची जागा कोरी ठेवा," अध्यक्ष रंगाच्या डब्यांकडे बघत म्हणाले. "आणि आता शिडीवर चढू नका, बोर्ड आम्ही टांगू. घरी वहिनी कशा आहेत?"