मृतदेहाची पट्टी

नाव : पंचशील वानखेडे. वय : त्रेचाळीस. निवास : महू. व्यवसाय : सांवेर रोडवरील पंप कारखान्यात तपासनीस. भूमिका : मृत भाऊ. संवाद : निरंक. हालचाल : निषिद्ध. गाण्याची पट्टी : लागू नाही.

हा तक्ता दिग्दर्शक हृषीकेश यांचा. ते पुण्याहून इंदुरात नोकरीला आले आणि वर्षभरात त्यांनी एका प्राचीन ग्रीक शोकांतिकेचं मराठी संगीत प्रहसन बसवायला घेतलं. राजा हुकूम काढतो, या प्रेताला कोणी माती द्यायची नाही. प्रेताची बहीण म्हणते, मी देणार. मूळ नाटकात यावरून आणखी तीन जीव जातात. आमच्यात सतरा गाणी होतात.

पंचशील निवडीला आला तो गायलाच. "सर, अपन गाऊन दाखवतो ना!"

"तुमचं मराठी जरा..." हृषीकेश म्हणाले. "आपण तुम्हाला प्रेत देऊ."

घरी त्याने आईला, दुर्गाबाईंना, सांगितलं, "मम्मी, पूरी कहानी माझ्यावरच आहे." ते खोटं नव्हतं.

"पण गाणार ना?"

"देखते हैं."

त्यानंतर तीन महिने, तालमीच्या चहाच्या सुट्टीत, तो नाटकातल्या बहिणीची गाणी गात असे. साथीला पेटीवाले बंडूभिया. दिग्दर्शक तेव्हा फोनवर असत.

प्रयोगाला दुर्गाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या. बहीण झालेली प्राची प्रेताशी बसून निरोपाचं पद गायली आणि 'वन्स मोर' आला. इंदुरात तो नाकारणं म्हणजे पंगतीतून उठून जाणं. प्राचीला सर्दी होती. दुसऱ्यांदा अंतऱ्याला आवाज फाटला आणि ती थांबली. पेटी मुखड्यावर गोल गोल फिरत राहिली. सिंहासनावरून राजा, म्हणजे नानासाहेब, पुटपुटले, "आगे बढ़ो, आगे!"

प्रेत रंगमंचाच्या कडेला, पेटीपासून हातभर अंतरावर होतं.

"भिया, उठ," बंडूभिया कुजबुजले.

"मना है."

"तर झोपूनच म्हण." आणि प्राचीची पट्टी, काळी पाच, सोडून त्यांनी बोटं सरकवली.

पंचशील उताणा, डोळे मिटलेले, गायला लागला.

"अरे, मुर्दा गा रिया है!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळं सभागृह हसलं. अंतऱ्यापर्यंत हसू थांबलं होतं. पद संपल्यावर पुन्हा वन्स मोर आला, तोही त्याने झोपूनच घेतला.

पडदा पडल्यावर हृषीकेश म्हणाले, "तुम्ही हललात."

"नाही सर. फक्त तोंड."

दुर्गाबाई आत आल्या. पोराच्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाल्या, "लेटा क्यों था? उभा राहून म्हणायचं की."

पुढच्या प्रयोगाचा तक्ता आला आहे. संवाद : निरंक. हालचाल : निषिद्ध. गाण्याची पट्टी : लागू नाही.

पंचशीलची पट्टी काळी दोन आहे.