दिलेल्या घोड्याची पावती

शिलेदारकाका गाडी विकत नसत, देत असत. पैसे घेत, चांगली घासाघीस करून घेत; पण शेवटी जो सोहळा होई तो देण्याचाच. अंगणात गाडी धुऊन उभी करायची, काकूंनी तिच्या पुढच्या चाकांवर पाणी घालायचं, काकांनी बॉनेटवर गुळाचा खडा ठेवायचा, किल्ली दोन्ही हातांनी पुढे करायची आणि पाठ फिरवून सरळ घरात जायचं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी मान वळवायची नाही. "दिलेल्या घोड्याकडं मागं वळून बघू नये. बघितलं की तो परत येतो," असं ते म्हणत. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत या वाक्याला सगळे हसायचे. मीही पुष्कळ हसले आहे.

शिलेदार हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते, आणि ते घोडदळ काकांच्या बोलण्यात रोज एकदा तरी दौडत येई. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर, हे आमच्या सोसायटीतल्या पोरासोरांनासुद्धा पाठ झालं होतं. पणजोबांनी म्हणे एकदा आपला उमदा घोडा एका पाहुण्याला नुसत्या शब्दावर दिला आणि पावतीचं नाव काढणाऱ्या कारकुनाला वाड्याबाहेर काढलं. गूळ, पाणी, पाठ फिरवणं, सगळं तिथून आलेलं. काका स्वतः मात्र नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि तीस वर्षं कंपनीच्या बसमधून खिडकीला डोकं टेकून गेले-आले.

गाडी त्यांच्या आयुष्यात निवृत्तीनंतर आली. तोवर गाडी म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची चीज होती. मग बाजार खुला झाला आणि बघता बघता गाडीवालेच दारात येऊन जिना चढायला लागले. जुनी द्या, नवी घ्या. उरलेल्याचे हप्ते पाडून देतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी काका ड्रायव्हिंग शिकले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीचं फाटक पाडलं आणि काकूंना म्हणाले, "घोडा नवा आहे. सवय होईल."

फंडाच्या पैशांतून पहिली गाडी आली ती कोणीतरी वापरलेली, निळी. चारी चाकांना पांढऱ्या झाकण्या आणि बॉनेटवर पांढरा पट्टा, म्हणून तिचं नाव पंचकल्याणी. मग एक छोटी पांढरी, तिला नुसतं 'पोर' म्हणत. तिसरी विटकरी, म्हणून कुमाईत. कुमाईत रंगाचा घोडा सगळ्यांत विश्वासू, असं त्यांचं मत. मूलबाळ नव्हतं, दोघांच्या घरात कौतुक करायला कोणीतरी हवं होतं, ते या गाड्यांनी भागवलं. दर तीन-चार वर्षांनी घोडा बदलायचाच, असा नेम होता. "म्हातारा घोडा आणि म्हातारा स्वार, दोघं एकदम नकोत," असं त्यावर स्पष्टीकरण.

मी त्यांची शेजारीण आणि एका सहकारी बँकेत नोकरीला, त्यामुळे कर्जाचे अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे आलं. कुमाईत घेताना आमच्या साहेबांनी अट घातली की काकांना सत्तर वर्षं पूर्ण व्हायच्या आत सगळे हप्ते संपले पाहिजेत. काका साहेबांच्या टेबलाशी वाकून गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या बँकेला तारीख माहीत आहे का? मलाही सांगून ठेवा, काकूला बरं पडेल." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हप्ते फिटेपर्यंत मी बारगीर. फिटले की शिलेदार. मधल्या काळात मला शिलेदार म्हणू नकोस, खोटं होईल." आणि खरोखरच, हप्ते चालू असताना कोणी 'शिलेदारकाका' अशी हाक मारली तर ते 'बारगीर, बारगीर' म्हणून दुरुस्ती करत. असा हा माणूस खोट्याच्या बाबतीत काटेकोर होता.

जुन्या गाड्या घेऊन जायचा तो जयेशभाई. छाणीकडे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. गोड बोलायचा, काकूंच्या हातचा चहा मागून प्यायचा आणि जाताना कोरे फॉर्म पुढे सरकवायचा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे ते सरकारी फॉर्म. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, सगळ्या जागा रिकाम्या. "काका, तमे सही करी आपो, बाकी हुं जोई लईश. घरनी वात छे," असं तो म्हणे; तुम्ही सही करून द्या, बाकी मी बघतो. काकांची सही फार सुंदर होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ते अशी काही उडवत की फॉर्मची चौकट तिला पुरत नसे. तीन गाड्या त्यांनी अशा सह्या करून दिल्या. घेणाऱ्याचं नाव कधी विचारलं नाही. घोडा कोणाच्या तबेल्यात गेला याची चौकशी करणं म्हणजे दिलेल्यावर हक्क सांगणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

गंमत अशी की याच माणसानं तीस वर्षं नंदेसरीत सहीशिवाय कोणाला हातमोज्यांचा एक जोड दिला नव्हता. साहेब आला तरी आधी सही, मग बूट. मी एकदा त्यांना हे बोलून दाखवलं. म्हणाले, "हातमोजे कंपनीचे होते. घोडा माझा आहे."

कुमाईत द्यायची ठरली त्याच आठवड्यात आमच्या बँकेत एक गृहस्थ मुदतठेव मोडायला आले होते. त्यांनी कधीतरी विकलेली स्कूटर अजून त्यांच्याच नावावर होती आणि ती कोणावर तरी आदळली होती. सही जुळेना म्हणून त्यांना ती तीनदा करावी लागली. मला काकांची उडती सही आठवली. मी बँकेतच एक साधी पावती टाइप केली: अमुक नंबरची गाडी, अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक माणसाच्या ताब्यात दिली. खाली दोन सह्या आणि साक्षीदार मी. ती घेऊन संध्याकाळी काकांकडे गेले. जयेशभाई आलेलाच होता.

काकांनी पावती चष्मा लावून नीट वाचली. "मराठी छान आहे," म्हणाले. मग कागदाची घडी घातली, ताटलीतला गुळाचा खडा त्यात बांधला आणि ती पुडी जयेशभाईच्या हातात दिली. "बॉनेटवर मुंग्या लागतात. तुम्हीच घेऊन जा." जयेशभाई हसला, मीही हसले. काका पाठ फिरवून घरात गेले. काकू मात्र दर वेळेसारख्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. "मी कुठं घोडदळातली आहे?" त्या म्हणत. "मला बघितल्याशिवाय चैन पडत नाही." त्या दिवशी मी जरा हट्ट धरायला हवा होता. पण संध्याकाळचा स्वयंपाक राहिला होता, आणि मोठ्या माणसाला किती शिकवायचं, असंही वाटलं. हे दोन्ही बहाणे आहेत, हे आता कळतं.

चौथी गाडी रुपेरी, कोरी, हप्त्यांवर घेतलेली. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला तिची पूजा झाली, सोसायटीभर पेढे वाटले. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले होते. रुपेरी गाडीवर झेंडूचा हार सुकून लोंबत होता आणि फाटकाशी पोलिसांची मोटरसायकल उभी होती. हवालदारानं कागदावरचा नंबर वाचला, कुमाईतचा. "काका, आ गाडी तमारी?"

"होती," काका म्हणाले. "दिली. वर्ष होऊन गेलं."

"कागळ पर तो आजे पण तमारी ज छे."

कागदावर ती अजून काकांचीच होती. पोलीस दारात आले म्हणजे गाडी कोणावर तरी आदळली, हे ओळखून त्यांनी एकच शब्द विचारला. "माणूस?"

"गयो," हवालदार म्हणाला. छाणीच्या पुढे, पहाटेच्या वेळी, सकाळच्या पाळीला सायकलवरून नंदेसरीला निघालेला कामगार. गाडी तिथंच टाकून चालवणारा पळाला होता. काकांनी कारखान्याचं नाव विचारलं. "आमच्या कारखान्याच्या शेजारचंच गेट," म्हणाले.

पुढचं सगळं आपोआप उलगडत गेलं. कुमाईत जयेशभाईकडून एकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे गेली होती. तीन हातांमधून फिरली, पण कोणी स्वतःच्या नावावर करून घेतली नव्हती. काकांची सुंदर सही कोऱ्या फॉर्मवर तशीच दलालांच्या पिशव्यांतून हिंडत होती. विमा संपलेला. छाणीला गेलो तर जयेशभाईच्या पत्र्याच्या दुकानात दुसऱ्याच कोणी मोबाइल विकायला ठेवलेले, आणि जयेशभाईचा पत्ता नाही. आता मेलेल्या कामगाराच्या बायकोनं दावा लावला तर तो कागदावरच्या मालकावर, म्हणजे सत्तरीला टेकलेल्या काकांवर. त्यांच्यामागे होतं काय? काही ठेवी, आणि ज्यात काकूंना उरलेलं आयुष्य काढायचं ते दोन खोल्यांचं घर.

वकील आमचेच मराठी, मांडवीकडचे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताब्याची पावती आहे का?" ती असती तर सगळं सुटलं असतं असं नाही, ते म्हणाले, पण मधल्या लोकांना तरी कोर्टात खेचता आलं असतं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "जुन्या तारखेची करता येते. साक्षीला बँकेतल्या बाई असतील तर कोण शंका घेणार?"

मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. काका माझ्याकडे बघत होते. रागावले नव्हते.

"तू आणलेली पावती खरी होती," ते म्हणाले. "तिच्यात मी गूळ बांधला. आता खोटी कशाला करतेस? तो गेलेला माणूस रोज गेटावर सही करून आत जात असेल गं."

त्यांनी त्या कामगाराच्या बायकोशी समझोता केला. ठेवी त्यात गेल्या, घर तेवढं वाचलं. हप्त्यांसाठी रुपेरी गाडी विकावी लागली. या वेळी काका घेणाऱ्याला बरोबर घेऊन स्वतः आरटीओत गेले आणि त्याचं नाव कागदावर चढेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. गूळ नाही, पाणी नाही. गाडी निघाली तेव्हा ते पहिल्यांदाच फाटकाशी काकूंच्या शेजारी उभे राहून बघत राहिले.

मग त्यांच्या ध्यानात आलं की पंचकल्याणी आणि पोरही तशाच दिलेल्या आहेत. आम्ही दोघं पुन्हा आरटीओत गेलो. खिडकीतल्या माणसानं वही उघडून सांगितलं, बेउ तमारा ज नामे बोले छे, दोन्ही तुमच्याच नावावर. काका म्हणाले, काढून टाका. "लेनारनुं नाम बोलो," तो म्हणाला. घेणाऱ्याचं नाव. मागची रांग कुरकुरायला लागली. नाव काकांना ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर ते रोज सकाळी बसनं छाणीला जाऊ लागले. नाक्यावर चहाच्या टपरीशी उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायचे. ज्यांनी उभ्या जन्मात दिलेल्या घोड्याकडे मान वळवली नाही, ते आता प्रत्येक गाडीमागे मान वळवत. ऊन असो, थंडी असो. मी कितीदा भांडले, काकूंनी शपथा घातल्या. "अगं, एखादी कोणाला लागायच्या आत पतवून टाकतो," म्हणत, म्हणजे मिटवून टाकतो. परत आले की दारातूनच सांगत, "आज एक निळी दिसली. पट्टा नव्हता." काकू पाणी पुढे करत.

दोन हिवाळे त्यांनी असे काढले. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सोसायटीच्या गच्चीवर मुलं पतंगांना कण्या बांधत होती. आम्ही त्यांना नेलं तेव्हा वाटेत एक निळी गाडी आडवी गेली आणि मी, खांद्यावर पदर घेऊन रडत चाललेली मी, तिचा नंबर वाचला. तेव्हापासून वाचतेच आहे. सिग्नलला उभी असले तरी, रिक्षात असले तरी. ही सवय आता माझ्याबरोबरच जाईल.

काकू त्या घरात एकट्या आहेत. रोज संध्याकाळी मी जाऊन बसते. आम्ही भाजी निवडतो, इकडचं तिकडचं बोलतो, काकांच्या फाटक पाडण्याच्या गोष्टीला अजून हसतो. मध्येच फाटकाची कडी वाजते. गॅसवाला असतो, नाहीतर पोस्टमन, नाहीतर वर्गणीवाली मुलं. काकूंचे हात ताटातच थांबतात. त्या उठत नाहीत; माझ्याकडे बघतात आणि अगदी हळू विचारतात, "कुठली आली गं? निळी, की पोर?"