फरशीवर घसरणारी लेक

सत्तरच्या दशकात आमच्या कुंडलला ऊस चांगला गेला की माणसं आधी पोरीचं लग्न उरकायची, नाहीतर घरात शहाबादी फरशी टाकायची. माझ्या सासऱ्यांच्या पोरी आधीच उजवल्या होत्या, म्हणून फरशी आली. अशी घोटून घेतली की वाकून तोंड बघावं. गावातली माणसं चपला बाहेर काढून नुसती ती बघायला यायची. माझी पहिली लेक त्याच वर्षी झाली आणि त्याच फरशीवर वाढली.

तिला रोज सकाळ-संध्याकाळ तेलानं चोळायचा नेम सासूबाईंचा. हात मायेचा आणि तेल सढळ. पोर गुटगुटीत, मांड्यांना वळ्या पडलेल्या. चोळून झालं की तिला फरशीवर सोडायचं. ती हात टेकायची, गुडघा उचलायची, की दोन्ही पाय सुळकन मागं आणि हनुवटी खाली. आपटून आपटून शहाणी झाली आणि बसूनच राहिली. वर्ष उलटलं तरी रांगेना, उभं राहायचं तर लांबच. सासऱ्यांनी सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून आणला. फरशीवर गाडा सुसाट पुढं पळाला आणि पोर मागं तोंडावर पडली.

शेजारणी यायच्या, फरशीचं कौतुक करायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "पोरीच्या पायात काय दोष तर न्हाई न्हवं?" माझ्या अंगाची आग व्हायची. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती खात होती, की पोर पांगळी निघाली तर? आमचे हे फौजेत. लेक पोटात असतानाच गेलेले, तिचं तोंडही बघितलेलं नव्हतं. सासूबाईंनी औंधच्या यमाईला नवस बोलला आणि वर यांना कळवूनही टाकलं की पोर पायानं अधू दिसते. म्हटलं, झालं. आता बाप लेकीला पहिल्यांदा बघणार ते दुखणाईत म्हणूनच.

द्राक्षं उतरायला लागली तशी मी माहेरी तासगावला गेले. तिथं तेल चोळायला कुणाला सवड? अंघोळसुद्धा विहिरीच्या पाटात. पाण्यात बगलेत धरून उभी केली, तर पोरगी एक पाय टाकते, मग दुसरा टाकते. बाहेर काढली की पाय ढिम्म. परत पाण्यात धरली, परत पावलं पडायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चालायचं तिला कळत होतं, पायही धड होते. आम्ही खाऊ घालून जड केलेल्या त्या मांड्या तिला पेलत नव्हत्या, एवढंच.

मग मी तिला बागेतल्या मातीतच सोडली. माती खरबरीत, टेकलेला गुडघा टेकलेलाच राही. पोर पहिल्यांदा पुढं सरकली. मांडवाच्या खांबाशी गेली, कारण तिथं एक घड खाली लोंबत होता. हात पुरेना, म्हणून खांब धरून उभी राहिली. शिकवलं कुणी? कुणीच नाही. हाव तिची, पाय तिचे, आणि धरायला खांब मिळाला. वर्षभर आम्ही उगाच तिच्या पायांना बोल लावत होतो. मला रडू फुटलं, आणि त्या फरशीचा असा राग आला की पहार घेऊन कुंडलला जावं.

पण खांब काही ती सोडेना. धरून चाले, सोडला की मटकन बसे.

अशात हे रजेवर आले. कुंडलला सामान टाकून, आईचं सगळं ऐकून, तडक एस्टीनं तासगावला. बागेत शिरले तेव्हा चेहरा पार उतरलेला. मला काही विचारलंसुद्धा नाही. खांबाला धरून उभ्या असलेल्या लेकीसमोर उकिडवे बसले, हात पसरले आणि म्हणाले, "ये बाळा."

लेकीनं त्या मिशा बघितल्या. ओठ काढला. आणि खांब सोडून, बापाकडं पाठ फिरवून, भोकाड पसरत माझ्याकडं निघाली. फेंगडी पावलं पडत होती. मध्येच पडली, मातीत हात रोवून उठली, परत चालू लागली.

मी उचलायला धावले, तर मागून यांचा आवाज आला, "थांब गं. उचलू नगंस तिला."

मी वळून बघितलं. हे तसेच बसलेले, हात तसेच पसरलेले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पळ बाई," लेकीला म्हणत होते, "आजून लांब पळ."