बटनाखालचे लाल फडके

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. साठ सालानंतरची गोष्ट. मी दारव्ह्याला फौजदार होतो. तिथल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये नवीन वीज घेतली होती. मोटर सुरू झाली त्याच दिवशी तिच्या लोखंडाला हात लागून एक मजूर बाई जागीच गेली. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती.

खबऱ्याने सांगितले, वायरमन वणीला सासुरवाडीला निघाला आहे. मी त्याला मोटार स्टँडवरच धरले आणि चार माणसांत कानशिलात लगावली. पळतो तोच गुन्हेगार, हे माझे तेव्हाचे शहाणपण.

ठाण्यात तो एकच सांगत राहिला, "साहेब, तार मी ओढली. पन तपासून सही कराचा परवाना मले नाही. अर्थिंग बाकी होती मनून मेन बटनाले लाल फडकं बांधून गेलतो. ते सोडलं कोनं, ते इचारा ना."

लाल फडके म्हणजे काम अपुरे, वीज सोडू नका, अशी त्या लोकांची रीत. जिनिंगच्या मुकादमाने कानावर हात ठेवले. मी वीजजोडणीच्या कामाचा दाखला मागवला. 'काम केले' आणि 'तपासणी केली', दोन्ही जागी यवतमाळच्या परवानेदार ठेकेदाराची सही. त्याने जिनिंग पाहिलीही नव्हती. कोऱ्या दाखल्यांवर तो आधीच सह्या करून ठेवी, आणि त्या भरवशावर मालकाने मोटर चालू केली होती. या ठेकेदाराला मात्र मी खुर्ची दिली, चहा पाजला.

"सही कागदापुरती हो," तो म्हणाला, "काम तर त्याच्याच हातचं ना?"

मला पटले. सोयीचे होते म्हणून पटले.

तीन दिवसांनी माझा पंच, जवळच्या तांड्यावरचा शेतकरी, ठाण्यात आला. "सायेब, बटनाखाली लाल फडकं पडलं होतं, ते लिवलं काय? तुमीच बुटानं बाजूले सारलं. म्या डोयानं पाह्यलं."

मी त्याला वाटेला लावले. कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेऊन पंचनामा मी ठाण्यात बसून लिहिला होता. फडके त्यात नव्हते. ठेकेदाराने केले तेच मी केले होते. खरे सांगितले असते तर नोकरीवर बेतले असते. आरोपपत्र एकट्या वायरमनवर गेले.

कोर्टात पंचाने फडक्याचे सांगितले, कोऱ्या कागदाचेही सांगितले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले. "लिहून, वाचून दाखवून मगच अंगठा घेतला," मी शपथेवर खोटे बोललो. वायरमनला सहा महिन्यांची कैद झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती सुळी देणारा मी.

पुढे ठाण्यात वीज आली, तेव्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली कामाला तोच वायरमन आला. काम आटोपल्यावर त्याने कामाचा ताबा घेतल्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी टाक उचलला.

"थांबा साहेब," तो हळूच म्हणाला. "आधी सारं पाहून घ्या. मंग सही करा."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक पंचनामा जागेवर लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला. जे पाहिले नाही त्यावर सही करायची नाही, एवढे त्याने मला शिकवले. पण त्या दिवशी तो समोर उभा असताना 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द काही मी बोललो नाही.