बाबांच्या वस्तऱ्याची धार

आमच्या घरात बायकांनी विळी चालवावी, अडकित्ता चालवावा, कोयत्याने केळीचा घड उतरवावा, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. फक्त वस्तऱ्याला हात लावायचा नाही. का, असं विचारलं की आई म्हणायची, "लावत नाहीत." खरं कारण मला ठाऊक होतं. आमच्या आजीच्या काळात वस्तऱ्याचा आणि बाईचा संबंध एकदाच यायचा, नवरा गेल्यावर, आणि तो तिच्या डोक्यावर. त्या भीतीने आई वस्तऱ्याच्या पेटीवरून केरसुणीसुद्धा फिरवत नसे. मला मात्र भीती वाटण्याऐवजी रागच यायचा.

मी सतरा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात बाबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. झोपेतून उठले तेव्हा हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. पाय महिन्याभरात सुधारला, बोलणं सुधारलं, हात तेवढा आला नाही. बाबा शाळेत मराठी शिकवत. राज्यांच्या नव्या सीमा आखायचं चाललं होतं तेव्हा. नागपूर-वऱ्हाड तिकडे मराठी मुलखात जाणार आणि आमचं बऱ्हाणपूर इकडेच हिंदीत राहणार, हे जवळजवळ ठरलं होतं. आमच्या राजपुरा पेठेत शेजारीच राहणारे मोठे काका रोज संध्याकाळी येऊन तेच सांगायचे.

"अरे, पुढच्या साली तुझी मराठी पढणार कोण? ऊपर से हात असा. राजीनामा देऊन मोकळा हो ना."

"कोणी पढणार नाही असं तुम्ही ठरवून टाकलं, दादा, म्हणून तर मला जायचं आहे," बाबा म्हणायचे.

काकांनी एक न्हावी लावून दिला होता. तो येऊन दाढी करून जायचा आणि नंतर बाबा डाव्या हाताने पुन्हा पुन्हा गाल धुवायचे. वीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याला आपल्या गालाला हात लावू दिला नाही, त्यांना मान वर करून बसावं लागत होतं. एकदा काका म्हणाले, "स्वतःची दाढी करता येईना, तो फळ्यावर काय लिहील?" बाबा शांतपणे म्हणाले, "दसऱ्याला मी डाव्या हाताने दाढी करीन. नाही जमली तर राजीनामा देतो." काकांनी लगेच होकार दिला. त्यांना खात्रीच होती.

पण धार लावायला दोन्ही हात लागतात. पेटीत सिल्ली होती, म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा गुळगुळीत पिवळसर दगड, आणि चामड्याचा पट्टा. बाबांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. मी आईकडे बघितलंच नाही.

मागच्या खोलीत दार लोटून आम्ही बसायचो. बाबा खाटेवरून सांगायचे, "पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकू दे. दाबू नको. हात हलका ठेव. पुढे नेताना धार पुढे. आणि उलटवायचा तो पाठीवरून." पट्ट्यावर मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडं कापलं जायचं. पहिल्या दिवशी मी एवढी दाबली की होती ती धारही गेली. बाबा म्हणाले, "भाकरी थापून राहिलीस का?" मला रडू आलं नाही, चीडच आली, आणि मी पुन्हा दगडावर पाणी घातलं. पुढे पुढे आवाजावरूनच कळायला लागलं. चुकत असलं की खरखर यायची, बरोबर असलं की नुसता ओलसर सर्र. धार बघायला मी वस्तरा हातावरच्या लवेवरून फिरवायची. माझा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. "बघायला येतील ते काय म्हणतील?" असं आई म्हणाली. मी म्हटलं, "दुसरा हात दाखवेन त्यांना."

बाबा डाव्या हाताने आधी बंद वस्तऱ्याचा सराव करत होते, मग उघड्याचा, साबण लावलेल्या दुधी भोपळ्यावर. तो भोपळा आईने भाजीत घातला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलत नाहीत. आदल्या संध्याकाळी मी वस्तरा असा लावून ठेवला होता की लव नुसती बघून पळावी. आईला तो हात लावायचा नव्हता. पण उद्या तोच नवऱ्याच्या गळ्यावर फिरणार म्हणून तिने जीव मुठीत धरून तो उघडला, पाटावर ठेवला, पाण्यात कालवलेलं हळदकुंकू धारेवर भरभरून लावलं आणि वर ओल्या झेंडूचा ढीग रचला. विळी-कोयत्याला हे सगळं चालतं. वस्तऱ्याला नाही. हे मी आईला सांगायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. मला तेव्हा ते माहीतच नव्हतं, आणि बाबा दुसऱ्या खोलीत होते.

दसऱ्याला आरती झाली, मी फुलं बाजूला केली, तर धारेवर तांबूस डाग. नखावर फिरवली तर जागोजागी अडकत होती. तेवढ्यात काका आले, आणि येताना न्हावी बरोबर घेऊन आले. त्यांनी वस्तरा बघितला.

"बस, देवीनेच सांगितलं," काका म्हणाले. "आता फालतूची जिद्द नको. बस पाटावर, हा करून देतो."

"त्यांना चहा दे," बाबा आईला म्हणाले. "दाढी नको." मग माझ्याकडे बघून, "होईल?"

"होईल," मी म्हटलं. होईल की नाही मला माहीत नव्हतं.

मागच्या खोलीत उजेड कमी होता. मी सिल्ली घेऊन सरळ पुढच्या ओट्यावर बसले. रस्त्यावरून लोक शहराच्या वेशीच्या दरवाज्याकडे जात होते, सीमोल्लंघनाला. काका म्हणाले, "पोरीच्या हाती वस्तरा, तोही ओट्यावर, दसऱ्याच्या दिवशी. लोक देखून राहिले." मी म्हटलं, "देखू द्या, काका." एवढं उलट मी त्यांना पूर्वी कधी बोलले नव्हते. काका आईकडे वळले, "तू तरी सांग हिला."

आई आत गेली आणि तांब्या घेऊन आली. माझ्या शेजारी बसली. "धार माझ्या हाताने गेली," ती काकांना म्हणाली, "पाणी मी घालते." ती दगडावर थेंब थेंब पाणी सोडत राहिली. आधी खरखर, मग कमी खरखर, मग तो ओलसर सर्र. डाग गेले. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून मी वस्तरा परजला, हातावर बघितला आणि बाबांना दिला.

बाबांनी आरशासमोर बसून डाव्या हाताने दाढी केली. सावकाश केली. हनुवटीखाली एकदा कापलं.

"रक्त आलं," काका म्हणाले.

"माझंच आहे," बाबा म्हणाले, आणि तुरटी फिरवली.

मग ते धुतलेला सदरा घालून दरवाज्याबाहेर सीमोल्लंघनाला गेले आणि येऊन काकांच्या हातात डाव्या हाताने सोनं ठेवलं. काकांनी ते घेतलं, बाबांच्या गालाकडे बघितलं आणि राजीनाम्याचं नाव काढलं नाही. सुट्टी संपल्यावर बाबा शाळेत गेले. फळ्यावर अक्षर वाकडं यायचं, पण मराठीच यायचं, आणि निवृत्त होईपर्यंत येत राहिलं.

मी त्यानंतर धार नेहमी पुढच्या ओट्यावरच लावली. पुढच्या खंडेनवमीला आईने वस्तरा स्वतः पुसला, तेलाचं बोट फिरवून पेटीत ठेवला आणि पूजेला सिल्ली मांडली. दगडाला हळदकुंकू वाहिलं. मग माझा उजवा हात ओढून घेतला, आणि बोटाला उरलेलं कुंकू माझ्या तळहाताला लावलं.